दवबिंदूला पेंडीचं पाणी

आमचं घर डोळे मिटूनही कोणाला सापडलं असतं, इतका त्या पिंपाचा वास होता. मखमलाबादच्या शिवारात आमचं गुलाबाचं आणि शेवंतीचं रान, रानातच घर, आणि घराच्या मागच्या भिंतीला टेकून ठेवलेलं एक गंजकं लोखंडी पिंप. त्यात शेंगदाण्याची पेंड भिजत पडलेली असायची. ती आंबून वर फेस आला की अण्णा लाकडाच्या दांड्याने ढवळायचे, थोडं बादलीत काढून त्यात पाणी मिसळायचे आणि गुलाबाच्या बुडाशी ओतायचे. पाहुण्याला नाक दाबावंसं वाटे, पण अण्णांपुढे नाक दाबायची कोणाची छाती नव्हती. नाशिकच्या फूलबाजारात आमच्या गुलाबाचा दांडा लोक ओळखत, आणि अण्णा म्हणत, ‘पेंडीचं पाणी हाय ते. दगडाला घातलं तर दगडाला कळी येईल.’ घरातल्या कोणत्याही झाडाचं काही बिनसलं की औषध हेच. तुळस वाळली, पेंडीचं पाणी. लिंबू धरत नाही, पेंडीचं पाणी. खायला घालणं म्हणजे जीव लावणं, असा आमच्या घरातला समज होता, आणि तो फक्त झाडांपुरता होता.

माझे वडील विनोदी होते. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण त्यांच्याविषयी ऐकणाऱ्याला ते खेकसणारे, डोळे वटारणारे वाटतात. ते क्वचितच आवाज चढवत. ते गंमत करायचे, आणि सगळं घर हसायचं, कारण न हसणाऱ्यावर पुढची गंमत व्हायची. सकाळी फुलं तोडताना कात्र्यांचा कचकच आवाज चालू असायचा, पलीकडे विहिरीवरची मोटर गुरगुरत असायची, आणि त्या सगळ्यावरून अण्णांचा आवाज येई, कोणाची तरी टोपी उडवणारा. आईची उडवून उडवून संपली होती. ती भाकरी थापत राहायची आणि त्यांचं बोलणं तिच्या कानावरून जायचं. दादाची, म्हणजे माझ्या भावाची, उडवण्यात त्यांना मजा येत नसे, कारण तो लगेच मान खाली घाली. तो सातपूरच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा, घरी आला की जेवायचा आणि झोपायचा. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते आणि उलट बोलत होते, म्हणून माझ्या वाट्याला ते जपून जात. मग त्या वैशाखात दादाचं लग्न झालं आणि सिंधू वहिनी घरात आली.

वहिनी सायखेड्याची. माहेर पक्कं माळकरी, तिच्याही गळ्यात तुळशीची माळ. लग्न ठरवताना अण्णांनी ‘आमच्याकडं काय बी सक्ती नाय’ असं तिच्या वडिलांना सांगितलं होतं. तिचे वडील बारीक अंगाचे, पांढऱ्या टोपीचे, हळू बोलणारे. त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. पहिल्याच रविवारी अण्णांनी वहिनीला पाट्यावर मटणाचा काळा मसाला वाटायला बसवलं. ‘खाऊ नको, फक्त वाट,’ ते म्हणाले, ‘वाटल्यानं काय माळ बाटती का?’ तिने वाटला. आम्ही रस्सा भाकरीत कुस्करून खाल्ला, ती चुलीपाशी खुरासणीची चटणी आणि भाकरी खात होती. अण्णा तिच्याकडे बघत नळी चोखत होते, मुद्दाम आवाज करून. फार गोड आवाज होता तिचा, दळताना बारीक आवाजात अभंग म्हणायची. अण्णांनी एकदा त्याची नक्कल केली, त्यानंतर तिचं म्हणणं बंद झालं.

आमच्याकडच्या रीतीप्रमाणे नवी सून पहिल्या पंचमीला माहेरी जाते. माहेरचा मुराळी न्यायला येतो. वहिनीने हिरवा चुडा भरून ठेवला होता, लुगड्याची घडी पिशवीत घालून ठेवली होती. तिचा भाऊ बाळू सकाळच्या एसटीने आला, ओसरीवर बसला, चहा प्यायला, आणि संध्याकाळच्या एसटीने एकटाच परत गेला. गुलाबाला कळी आली आहे, माणूस नाही, असं अण्णांनी सांगितलं. ‘गणपतीला पाठवू की. पोरगी कुठं पळून चाललीय?’ वहिनीने त्या दिवशी शेजारणींबरोबर झोका खेळायला जायलाही नकार दिला. पिशवी मात्र तिने मोकळी केली नाही. खुंटीला तशीच अडकवून ठेवली.

त्याच सुमारास कॉलेजातल्या आमच्या बाईंनी आम्हाला अंजनेरीच्या पठारावर नेलं. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर उतरून वर चढायचं, धुक्यात. वर सगळा काळा कातळ, त्यावर बोटभर माती आणि सारखं झिरपणारं पाणी. तिथे जांभळ्या फुलांचे गालिचे होते. बाई म्हणाल्या, ‘ही सीतेची आसवं. दिसायला इतकी नाजूक, पण पाण्याखाली यांना बारीक फुगे असतात. किडा दाराशी आला की फुगा त्याला आत ओढून घेतो.’ आणि त्याच्याच बाजूला, चिखलात, दवबिंदू होता. वीतभर उंचीचं लालसर रोप, दोऱ्यासारखी पानं, पानांवर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब. ऊन नव्हतं तरी तो चमकत होता. बाईंनी सांगितलं की ते दव नाही, चिकट रस आहे. किड्याला वाटतं पाणी आहे, तो बसतो आणि अडकतो. मग सुटायला जितका धडपडतो तितके आजूबाजूचे केस त्याच्यावर वाकतात, पान वळतं, आणि रोप त्याला हळूहळू विरघळवून पिऊन टाकतं. मागे फक्त सांगाडा उरतो. ‘कातळावरच्या या मातीत खायला काही नसतं,’ बाई म्हणाल्या, ‘म्हणून यांनी पोटाची सोय हवेतून केली. यांना खत म्हणजे विष, लक्षात ठेवा. आणि पाणी पावसाचं.’ मी मातीसकट एक ढेकूळ उचलून डब्यात घेतलं. आज आमच्या विद्यार्थ्यांना मी तसं करू देत नाही. तेव्हा सगळेच करायचे.

‘काय आणलं कॉलेजातून? चिखल?’ अण्णांनी विचारलं. मी सांगितलं की हे झाड किडे खातं. ‘अन् दात कुठं हायेत त्याला?’ घर हसलं. पण मग ते उठले, गुलाबाच्या कळीवरचा मावा बोटाच्या टोकावर घेऊन आले आणि पानावर सोडला. जन्मभर ते मावा, फुलकिडे, अळ्या यांच्याशी भांडत आले होते. पाठीवर पंप बांधून फवारून त्यांचे डोळे कायम लाल असायचे. आता ते डब्यापुढे उकिडवे बसले आणि त्यांचा चहा गार होईपर्यंत बसून राहिले. मावा पाय ओढत होता, केस एकेक करून वाकत होते. त्यांनी मेलेली मुंगी टाकून पाहिली, वाळूचा कण टाकून पाहिला, जिवंत मुंगी टाकून पाहिली. शेवटी उठून म्हणाले, ‘तडफडलं की आवळती. गप पडून राहिलं की नाय एवढी आवळत.’ माझ्या सगळ्या वर्गात इतकं नेमकं निरीक्षण कोणी केलं नव्हतं. त्यांना ते इतकं लवकर कळलं याचं मला नवल वाटलं नाही. त्यांचंही तसंच होतं, समोरचा कळवळला की त्यांना चव यायची.

डबा माझा होता, तो दोन-तीन दिवसांतच त्यांचा झाला. पागोळ्यांचं पाणी पातेल्यात धरून मी रोपाला घालायचे, एवढंच काम माझ्याकडे उरलं. चारायचं काम त्यांनी वहिनीला दिलं. गुलाबाचे काटे काढायला आमच्या घरात एक पोलादी चिमटा होता, तो त्यांनी तिच्या हातात ठेवला. पिकलेल्या केळ्याच्या सालावर वाटी पालथी घालून चिलटं धरायची, चिमट्याने एकेक उचलून पानावर ठेवायची, आणि जिवंत ठेवायची, चिरडली तर दुसरं. ‘मामा, माझ्या हातून नाय व्हायचं,’ ती पहिल्या दिवशी म्हणाली. त्यावर ते म्हणाले, ‘तू कुठं मारतीस? तू नुसतं ठेव. मारायचं ती बघंल.’ मी म्हटलं, मी ठेवते. तर म्हणाले, तू शिक, कॉलेजात जा, ही घरातच असते. रोज सकाळी पूजा आटोपून, कपाळावर बुक्का लावलेली वहिनी त्या डब्यापुढे बसायची आणि चिमट्यात फडफडणारं चिलट धरायची. ओसरीवरून अण्णा चहा पीत बघायचे. आई मला म्हणे, तू मध्ये पडू नको, त्यानं जास्तच चेव येतो. आई खरंच सांगत होती.

संध्याकाळी फूलबाजारातले त्यांचे दोस्त येत. अण्णा डबा मधोमध ठेवत आणि वहिनीला बोलावून घेत. ‘ही आमची दुसरी सून,’ ते डब्याकडे बोट करून सांगत. ‘पहिलीला मटण चालत नाय, हिला दुसरं काय चालत नाय. दोघी एकमेकींचं पोट भरत्यात.’ लोक मांड्यांवर थापा मारून हसत. मग वहिनीने चिमटा पुढे करायचा. एकदा एक मोठी माशी दोन पानांच्या मध्ये अडकली आणि बराच वेळ भणभणत राहिली. वहिनी तोंड फिरवून उभी होती. अण्णा म्हणाले, ‘बघ इकडं. शीक जरा. एका जागी उभी राहून कमवून खाती. तुझ्यावाणी आयतं नाय मागत.’ दादा त्या दिवशी घरी होता. तो हसला. मोठ्याने नाही, पण हसला, आणि वहिनीने ते पाहिलं.

गौरी-गणपतीला बाळू पुन्हा आला. या वेळी तो ओसरीवर बसला नाही. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता, एक बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं पण कळत होतं. ‘सिंधूला दाखवा म्हणत्यात सारखे,’ तो म्हणाला. वहिनी दाराआडून ऐकत होती. ती थेट आत गेली आणि खुंटीवरची पिशवी काढून घेऊन आली. पण अण्णांचं तोवर काहीतरी ठरलं होतं. शहरात नवरात्राच्या तोंडावर फुलांचं प्रदर्शन भरायचं, आणि त्या वर्षी गुलाबांबरोबर हे किडे खाणारं झाड मांडायचं, असं ते सगळ्या बाजारभर सांगून बसले होते. ‘झाडाला तिच्या हाताची सवय झालीय,’ ते बाळूला म्हणाले. ‘प्रदर्शन झालं की दुसऱ्या दिवशी मी स्वतः आणून सोडतो. म्हाताऱ्याला सांग, दम धर म्हणावं.’ बाळू त्यांच्या पाया पडला. खरंच पडला, डोकं टेकून. अण्णांनी त्याला उठवलं आणि त्याच्या खिशात सायखेड्याला न्यायला म्हणून एक गुलाबाचं फूल खोचलं.

प्रदर्शन जवळ येऊ लागलं तसं अण्णांना रोप लहान वाटू लागलं. ‘वीतभर झाड कोण बघणार? हातभर पायजे,’ ते रात्रीच्या जेवणाला म्हणाले. ‘उद्यापासनं पेंडीचं पाणी चालू करा.’ मी ताट बाजूला सारलं. बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं: त्याची मुळं नुसती धरून राहण्यापुरती असतात, त्यांना खत सोसत नाही, ते काळं पडून मरेल. अण्णांनी ठेच्याचं बोट चाटलं. ‘माझी हयात झाडं वाढवण्यात गेली. खायला नको म्हणणारं झाड देवानं अजून केलं नाय. अन् केलं असलं तर ते कॉलेजात शिकलेलं असंल.’ सगळे हसले. वहिनी तव्यावरची भाकरी उलटत होती. तिचा हात थांबला, भाकरी तव्यावर करपेपर्यंत थांबला, आणि त्याबद्दलही तिला बोलणं बसलं. मग अण्णांनी तिलाच सांगितलं, ‘रोज सकाळी एक वाटी. पाणी मिसळून. विसरलीस तर प्रदर्शन झाल्यावर बी जायचं नाय.’ ती म्हणाली, ‘व्हय मामा.’

आधी थेंब गेले. पानं लालच होती, केसही होते, पण चमक गेली. अण्णांना वाटलं ऊन कमी पडतंय, त्यांनी डबा ओसरीच्या कडेला सरकवला आणि एका वाटीच्या दोन वाट्या करायला सांगितल्या. मातीवर हिरवट शेवाळी साय धरली, डब्याला पिंपाचाच वास येऊ लागला. मग ज्या सकाळी प्रदर्शनाचे कार्यकर्ते झाड बघायला यायचे होते, त्या सकाळी मी ओसरीवर होते. अण्णा पांढरं धोतर नेसून तयार होते, कार्यकर्ते खुर्च्यांवर बसले होते, पोहे आले होते. वहिनीने चिमट्याने एक मुंगी पानावर ठेवली. मुंगी जरा थांबली, मिशा हलवल्या, पानाच्या टोकापर्यंत चालत गेली, दुसऱ्या बाजूने उतरली आणि डब्याच्या काठावरून निघून गेली. एका कार्यकर्त्याने पोह्यांचा घास घेतला आणि विचारलं, ‘हेच का ते?’

पाहुणे जाईपर्यंत अण्णा हसत होते. ते गेल्यावर त्यांनी डबा उचलून अंगणात फेकला. ‘काय घातलंस?’ त्यांनी विचारलं. ‘तुम्ही सांगितलं तेच, मामा,’ वहिनी म्हणाली. मी मध्ये बोलायला गेले तर आईने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. अण्णा गंमत करायच्या आवाजात बोलू लागले, पण त्यात गंमत नव्हती. गळ्यात माळ आणि हातानं खून, म्हणाले. पांढऱ्या पायाची, म्हणाले. आणि मग म्हणाले, ‘तुझा बाप बी असाच वाळंल. आधी एक बाजू, मग दुसरी.’ वहिनीने चिमटा ओसरीच्या कठड्यावर ठेवला. आत गेली. दादा पाळीवरून येऊन खाटेवर आडवा झाला होता. तो जागा होता हे मला माहीत आहे, कारण त्याचे पाय हलत होते. ‘मी सायखेड्याला चालले,’ ती त्याला म्हणाली. ‘येताय का?’ दादा उठून बसला, केसांतून हात फिरवला आणि म्हणाला, ‘अण्णांना विचार ना.’ ती त्याच्याकडे बघत राहिली. तो विनोद नव्हता हे तिला कळायला थोडा वेळ लागला असावा.

ती पिशवी घेऊन निघाली. अण्णा म्हणाले, आता गेलीस तर ह्या उंबऱ्याला परत पाय लागायचा नाही. ती थांबली नाही, वळलीही नाही. शेवंतीच्या वाफ्यांमधून तिचं हिरवं लुगडं रस्त्यापर्यंत दिसत राहिलं. ती पोहोचली तेव्हा तिच्या वडिलांचं बोलणं पुरतं गेलं होतं. डोळे उघडे, ओळख नाही. पंधरवडाभर आधी आली असती तर बोलले असते, असं बाळूने मागाहून कोणाकडून तरी कळवलं. दिवाळीआधी ते गेले. आमच्याकडून कोणीही गेलं नाही. वहिनी परत आली नाही, तिला आणायलाही कोणी गेलं नाही, आणि पुढच्या वर्षी दादाचं दुसरं लग्न झालं. ती दुसरी बाई अण्णांच्या विनोदांवर सगळ्यांच्या आधी हसायची, तिचं बरं चाललं.

मी शिकले, शिकवू लागले, आता निवृत्तीला आले. दवबिंदूवर दरवर्षी एक तास घेते. मुलींना सांगते की त्याच्यात क्रूर असं काही नाही, त्याला भूक आहे आणि माती नापीक आहे, एवढंच. वर्गात हे वाक्य बरं वाटतं. घरी येऊन मला ते पटत नाही, कारण आमची माती तर काळी होती आणि पिंप भरलेलं होतं.

वहिनी पुन्हा भेटली ती कितीतरी वर्षांनी, सायखेड्याच्या बाजारात. एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला गेले होते, परतताना भाजी घ्यायला उतरले, तर मेथीच्या जुड्यांमागे ती बसलेली. केस पांढरे, गळ्यात माळ तीच. मला आधी तिनेच ओळखलं. ‘शोभाताई का?’ म्हणाली, आणि पोत्यावर जागा करून दिली. बाळूबरोबर रान करते, म्हणाली, पुन्हा लग्न केलं नाही. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग माझ्याने राहवलं नाही, मी त्या झाडाचं काढलं. म्हटलं, तुझ्यावर उगाच आळ आला, चूक अण्णांचीच होती. ती मेथीच्या मुळांची माती झटकत होती. ‘तुम्ही जेवताना सांगितलं ना, खतानं मरंल म्हणून,’ ती म्हणाली. ‘ते एक वाटी म्हणाले होते, पाणी मिसळून. मी पाणी मिसळलंच नाय. पिंपाच्या तळातलं घालायचे, दाट.’ तिने माझ्याकडे पाहिलं. ‘रोज उठून आधी त्याच्यापाशी जायचे. किती काळं पडलं बघायला. मुंगीला बी जपणारी मी, पण त्या घरात मला दुसऱ्या कशाचंच एवढं बरं वाटलं नाय.’

एक गिऱ्हाईक आलं, तिने जुडी दिली, पैसे मांडीखाली ठेवले. मग सहज विचारावं तसं विचारलं, ‘मामा हायेत का?’

‘गेले,’ मी म्हटलं. ‘मागच्या वर्षी.’

‘लय दिवस काढले का अंथरुणात?’

‘नाही. झोपेतच गेले. सकाळी चहा घेऊन गेलो तेव्हा कळलं.’

‘असं व्हय,’ ती म्हणाली. तिचा चेहरा पडला. मला ते दिसलं, आणि तिने ते लपवलंही नाही.